जुनी स्पोर्ट्स कार विकताना: कागदपत्रं, आरटीओची प्रक्रिया आणि किंमत ठरवण्याची रीत

पोर्शे बॉक्सस्टर, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-४ अशी दहा-पंधरा वर्षं जुनी दोन दारांची गाडी विकायला काढली की बहुतेक मालक आधी पॉलिश मारून घेतात, फोटो काढतात आणि मग आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, शोधतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. या गाड्यांचे ग्राहक मोजके आणि चौकस असतात. इंजिनातली खोट त्यांना चालते, कारण तिचा खर्च काढता येतो. कागदांत घोळ दिसला की मात्र ते परत फोन करत नाहीत.

विकायचा अधिकार कोणाचा

आरसीवर ज्याचं नाव, तोच विकू शकतो. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. महाराष्ट्रात कंपनीच्या गाडीला एकरकमी कर जास्त आहे. त्यामुळे गाडी व्यक्तीकडून कंपनीकडे जात असेल तर फरक भरावा लागतो आणि हा फरक कोणी भरायचा ते सौद्यातच ठरवून घ्यावं.

कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप जात नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन एचपी, म्हणजे हा बोजा, उतरवून घ्यावा लागतो. परदेशातून परतताना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’खाली आणलेली गाडी असेल तर तिच्यावर सुरुवातीला दोन वर्षं विक्रीबंदी असते. ती मुदत केव्हाच संपली असली, तरी बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्समधला दस्त) आणि कस्टम्स भरल्याची पावती जपून ठेवा. जाणकार ग्राहक हे दोन कागद हमखास मागतो.

पंधरा वर्षांचा टप्पा

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण होतं. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. उशीर झाला तर कारला दरमहा ५०० रुपये जादा. महाराष्ट्रात या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो.

शुल्काचा झटका मात्र इंपोर्टेड गाडीला बसतो. एप्रिल २०२२ पासून साध्या कारच्या नूतनीकरणाला ५ हजार रुपये, तर इंपोर्टेड कारला ४० हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे १० हजार आणि ८० हजार केले. म्हणून आरसीवर गाडी कशी नोंदली आहे ते आधी पाहा. नोंदणी संपायला काही महिनेच उरले असतील तर स्वतः नूतनीकरण करून मग विका. पाच वर्षं पुढची तारीख असलेली आरसी ही त्या गाडीची सगळ्यात स्वस्तात केलेली दुरुस्ती ठरते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर विंटेजची वेगळी नोंदणी आहे. ती २०२१ च्या नियमांनी आली, शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

फाइलमध्ये काय हवं

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, चेसिस नंबरचा पेन्सिलने उतरवलेला ठसा आणि ई-चलनं भरल्याच्या पावत्या. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरच्या, पाट्या बसवून घ्या, त्यावाचून हस्तांतरणाचं काम अडतं.

चेसिसचा ठसा ही औपचारिकता समजू नका. पुण्यात बनलेल्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारबाबत एकाच चेसिस नंबरवर एकापेक्षा जास्त नोंदण्या झाल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये ठेवला होता. तेव्हा अवंती विकणाऱ्याने गाडीवरचा नंबर, आरसी आणि सरकारच्या वाहन पोर्टलवरची नोंद या तिन्ही गोष्टी ग्राहकासमोर ताडून दाखवाव्यात.

गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ भरून मूळ आरटीओची एनओसी घ्यावी लागते. उलट, मुंबईत फिरणारी पण कमी कराच्या राज्यात नोंदलेली महागडी गाडी विकत असाल, तर नव्या मालकाला महाराष्ट्राचा कर भरावाच लागेल. तो हिशोब तो तुमच्या भावातूनच वजा करणार.

टीटी फॉर्मवर सही करण्याआधी

फॉर्म २९ आणि ३० ला बाजारात ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. त्यावर कोऱ्या सह्या करून एजंटाच्या हाती देण्याची पद्धत सर्रास आहे आणि तितकीच धोक्याची. गाडी पुढे तीन हात फिरते, आरसीवर नाव तुमचंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं, की नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. ताशी अडीचशेच्या वर जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे फारच मनावर घ्यावं.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. अर्ज परिवहन पोर्टलवर, ओटीपीने होतो. जुन्या गाडीला जुना मोबाइल नंबर जोडलेला असतो, तो आधी बदलून घ्या. नाहीतर ओटीपी भलत्याच माणसाला जातो.

डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का ते विचारा. अशा डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९-सी ने पोर्टलवर केली, की पुढची विक्री होईपर्यंत जबाबदारी त्याच्याकडे जाते. एप्रिल २०२३ पासूनची ही सोय फार कमी मालक वापरतात.

भाव कसा काढायचा

विम्यातल्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर, भाव ठरवू नका. पाच वर्षांपर्यंत तिचा घसारा तक्त्यानुसार असतो, शेवटी ५० टक्के. त्यानंतर ती विमा कंपनी आणि तुम्ही परस्पर संमतीने ठरवलेली रक्कम असते. सेडानचा ठोकताळाही इथे चालत नाही. भाव ठरतो तो मॅन्युअल गिअरबॉक्स, मूळ रंग, किती मालक झाले आणि सर्व्हिसची सलग फाइल यांवर. कमी किलोमीटर नेहमीच चांगले असंही नाही. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीची रबरी सीलं वाळतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी असे टायर ग्राहक शून्यात धरतो, आणि बरोबरच धरतो.

बॉक्सस्टरचंच घ्या. २००८ पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्ट या आतल्या फिरत्या दांड्याच्या बेअरिंगचा बदनाम झालेला प्रश्न आहे. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. त्यामुळे एकाच पिढीच्या दोन गाड्यांत, दिसायला फारसा फरक नसताना, भावात दरी पडते. जुन्या इंजिनाचं बेअरिंग बदललेलं असेल तर त्याचं बिल दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं याची नोंद गाडीच्या संगणकात राहते. तो रिपोर्ट आधीच काढून ठेवला तर अर्धी घासाघीस वाचते. आणि आपल्याकडच्या पावसात छतामागची पाणी जाण्याची भोकं पानापाचोळ्याने तुंबतात, पाणी आत उतरून सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत पोचतं. म्हणून मुंबई-कोकणातली गाडी बघायला आलेला माणूस आधी गालिचा वर करून हात लावतो.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या छोट्या स्पोर्ट्स कारचं गणित निराळं. बॉडी फायबरची म्हणून गंजत नाही, इंजिन रेनोचं. पण काच, दिवे, बंपर मूळचे मिळवणं कठीण. तिथे सुटे भाग जमवलेला मालक चांगला भाव घेतो.

जाहिरातीतला आकडा बोलीभाव असतो, सौदा त्याखालीच होतो. समजा सारख्या गाडीचा बोलीभाव २५ लाख आहे आणि तुमच्या गाडीला टायर, ब्रेक, छताचं काम मिळून ३ लाख लागणार आहेत. ग्राहक २२ म्हणत नाही, २० म्हणतो, कारण न दिसणाऱ्या कामाचीही धास्ती त्याला असते. वर्कशॉपचं लेखी अंदाजपत्रक समोर ठेवलं तर ती धास्ती बरीच कमी होते. रंगकाम मात्र विक्रीच्या तोंडावर करू नका. नवा रंग म्हणजे लपवलेला ठोका, असाच अर्थ लावला जातो.

पैसे, चावी आणि उरलेली कामं

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला होऊ शकतो. आरटीजीएसचे पैसे खात्यात दिसल्यावरच चावी द्या. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा, कारण त्याच संध्याकाळचं स्पीडचं चलन कोणाचं हा वाद मग तिथेच मिटतो. स्वतःच्या वापराची गाडी व्यक्तीने विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. व्यवसायात घसारा घेतलेली असेल तर सीएला विचारूनच बिल करा, तिथे जीएसटीचाही प्रश्न येतो.

विमा नव्या मालकाने १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुमचा, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला ते तीन वर्षांपर्यंत चालतं. चावी देताना फास्टॅग काढून खातं बंद करा आणि वाहन पोर्टलवर नवं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून पाहत राहा.