मीटरवरचा १२३२१ आणि फेब्रुवारीतल्या उलटसुलट तारखा

गाडीच्या मीटरवर १२३२१ हा आकडा आला की नजर तिथे अडकतेच. शेजारच्याला दाखवला जातो, सिग्नलला थांबल्यावर फोटो काढला जातो, घरच्या ग्रुपवर तो पोहोचतोही. १२३२० च्या किंवा १२३२२ च्या वाट्याला हे कौतुक येत नाही. या तिन्हींत गाडी जेमतेम दोन किलोमीटर पुढे सरकलेली असते. इंजिनाला, टायरला, रस्त्याला मधल्या किलोमीटरचं काहीच विशेष नसतं. मग आपल्याला ते कुठून दिसतं?

‘रामाला भाला मारा’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्यं शाळेत प्रत्येकाने उलट वाचून पाहिलेली असतात. १२३२१ ही त्याच जातीची संख्या. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. अशा संख्येला पॅलिंड्रोम म्हणतात. पाच आकडी पॅलिंड्रोम किती, हे मोजणं सोपं आहे. पहिले तीन अंक ठरले की शेवटचे दोन आपोआप ठरतात. पहिला अंक १ ते ९ मधला, पुढचे दोन ० ते ९ मधले, म्हणून ९ × १० × १० = ९००. १०००० पासून ९९९९९ पर्यंतच्या ९०,००० आकड्यांत ९००, म्हणजे सरासरी दर १०० किलोमीटरला एक. रोज तीसेक किलोमीटर ये-जा करणाऱ्याच्या गाडीवर तीन-चार दिवसांनी एक पॅलिंड्रोम येऊन जातो. मीटरवर तो फक्त एक किलोमीटर टिकतो. ताशी ४० च्या वेगाने हा वेळ होतो ९० सेकंद, आणि त्या ९० सेकंदांत आपली नजर रस्त्यावर असते. असायलाच हवी. त्यामुळे क्वचित कधी तो दिसला की वाटतं, केवढा योगायोग!

याची दुसरी बाजू मला जास्त गमतीची वाटते. ४८२०७ हा आकडा आपल्याला अगदी साधा वाटतो. पाचही अंक वेगवेगळे, कसलीही रचना नाही. पण ००००० ते ९९९९९ या एक लाख आकड्यांत पाचही अंक वेगवेगळे असलेले आकडे फक्त ३०,२४० आहेत (१० × ९ × ८ × ७ × ६). उरलेल्या सुमारे सत्तर टक्के आकड्यांत कुठला ना कुठला अंक पुन्हा येतोच. ज्याला आपण ‘साधा’ म्हणतो तोच अल्पसंख्य आहे. मीटरकडे सहज पाहिलं तर ४८२०७ दिसण्याची आणि १२३२१ दिसण्याची शक्यता मात्र अगदी सारखी. आपलं मन सगळ्या बिनओळखीच्या आकड्यांना एका पोत्यात भरतं आणि १२३२१ ला वेगळं काढून ठेवतं, एवढाच फरक.

जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये हे आकडे छोट्या चाकांवर छापलेले असत. एका चाकावर ० ते ९ असे दहा अंक, म्हणजे एका अंकाला ३६ अंशांची जागा. उजवीकडचं चाक ९ वरून ० कडे वळताना त्याचा दाता मधल्या छोट्या दंतचक्राला ढकलतो आणि डावीकडचं चाक एक घर पुढे जातं. आपण कागदावर बेरीज करताना ‘हातचा एक’ म्हणतो, तेच काम इथे पत्र्याचा दाता करतो. ९९९९ वरून १०००० होताना चार नऊ एकाच वेळी हळूहळू वर सरकतात, काही क्षण सगळ्या खिडक्यांत अर्धे अर्धे अंक दिसतात आणि मग शून्यांची रांग स्थिरावते. डिजिटल मीटरमध्ये हे दृश्य गेलं, याची मला खरीच हळहळ वाटते. हातचा कसा जातो हे त्यात डोळ्यांना दिसायचं.

लाखाच्या उंबरठ्यावर तर मौजच असते. ९९९९९, १०००००, १००००१ असे लागोपाठ तीन देखणे आकडे येतात. १००००१ हा सहा आकडी पहिला पॅलिंड्रोम. त्यानंतरचा १०११०१, म्हणजे तब्बल ११०० किलोमीटरनंतर. सहा आकड्यांतही पॅलिंड्रोम ९०० च आहेत, पण ते आता नऊ लाख आकड्यांत विखुरलेले असतात, म्हणून सरासरी हजार किलोमीटरला एक. लाख ओलांडलेल्या गाडीवर उलटसुलट आकडा दिसला तर तो पूर्वीपेक्षा दहापट दुर्मीळ असतो. शिवाय सहा आकडी प्रत्येक पॅलिंड्रोमला ११ ने नि:शेष भाग जातो. कारण ११ ची कसोटी म्हणजे एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांमधला फरक. सम संख्येने अंक असलेल्या पॅलिंड्रोममध्ये प्रत्येक अंकाचा जोडीदार दुसऱ्या गटात पडतो, म्हणून फरक शून्य येतो. १०११०१ भागिले ११ बरोबर ९१९१. हा नियम पुढे तारखांमध्येही भेटेल.

असल्या आकड्यांकडे टक लावून पाहण्यात आयुष्य घालवलेला माणूस महाराष्ट्रात होऊन गेला, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, मृत्यू १९८६, नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्या म्हणजे अनुक्रमे ११, १११ आणि ११११ यांचे वर्ग. अशा संख्यांच्या कुळाचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांना ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. म्हणजे मीटरवरचा आपला १२३२१ नुसता उलटसुलट नाही, तो १११ चा वर्ग आहे. पण कापरेकरांचं नाव जगभर गेलं ते ६१७४ मुळे. मीटरवरचे शेवटचे चार अंक घ्या, २३२१. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ३२२१. चढत्या क्रमाने मांडा, १२२३. वजाबाकी १९९८. पुन्हा तेच, ९९८१ वजा १८९९ बरोबर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता कितीही वेळा केलं तरी ६१७४ च. चारही अंक सारखे नसले की कुठल्याही चार अंकांपासून सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोहोचता.

ही जादू सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर या राशीची आहे का? तेवढ्या गोट्यांचा ढीग घातला तर त्यात ती सापडायची नाही. आपण दहा अंकांनी लिहितो म्हणून ती आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विट्रुव्हियस या रोमन अभियंत्याने अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन केलं आहे. चाकाचे ४०० फेरे झाले की एक रोमन मैल पुरा होतो आणि ब्राँझच्या भांड्यात एक खडा पडतो. प्रवास संपला की खडे मोजायचे. अंतर चोख कळायचं, पण त्या भांड्यात पॅलिंड्रोम कधीच पडला नसता.

लिहिण्याच्या पद्धतीचा हा परिणाम खिशापर्यंत जातो. निकोला लॅसेतेरा, डेव्हिन पोप आणि जस्टिन सिडनर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या दोन कोटींहून अधिक घाऊक व्यवहारांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ७९,९०० ते ७९,९९९ मैल धावलेल्या गाड्या ८०,००० ते ८०,१०० मैलवाल्यांपेक्षा सरासरी सुमारे २१० डॉलर जास्त किमतीला विकल्या गेल्या होत्या. पण हजार मैल कमी, म्हणजे ७८,९०० ते ७८,९९९ धावलेल्या गाड्यांना त्याहून फक्त दहाएक डॉलर जास्त मिळाले होते. दर दहा हजार मैलांच्या टप्प्याला किंमत अशीच खाली उडी घेत होती. हे ८०,००० मैल किलोमीटरमध्ये लिहिले तर सुमारे १,२८,७४८ होतात. त्या आकड्यापाशी आपल्याकडच्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं मन अडखळणार नाही. आपण ‘रनिंग लाखाच्या आत आहे ना?’ असं विचारतो, आणि आपला तो लाख अमेरिकन मीटरवर ६२,१३७ असा अगदीच निनावी दिसतो.

आता तारीख घ्या. तीही एक मीटरच आहे, फक्त चाकं विचित्र आहेत. दिवसाचं चाक कधी ३०, कधी ३१, कधी २८ घरांचं आणि महिन्याचं चाक १२ घरांचं. वर्ष-महिना-दिवस अशी तारीख लिहिली तर ती गाडीच्या मीटरसारखीच चालते. सर्वात वेगाने बदलणारं चाक उजवीकडे, हातचा डावीकडे. जपान, चीन, कोरिया आणि हंगेरीत ही पद्धत रूढ आहे, आणि १९८८ साली आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने तीच स्वीकारली. कॉम्प्युटरवरच्या फाइलींना २०२४-०३-०९ अशी नावं दिली की त्या आपोआप कालक्रमाने लागतात, ते यामुळेच. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो, म्हणजे मीटर उलटा धरतो. अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष, तिथे सर्वात वेगवान चाक मधोमध बसवलेलं. सवय सोडली तर त्या क्रमाचं समर्थन करणं मला कठीण वाटतं.

दोन पद्धती एकमेकींना भेटल्या की घोटाळा होतो. न्यू जर्सीतल्या भाचीचा वाढदिवस ०५/०७ असा कळला तर तो ५ जुलै की ७ मे? दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असला की तारीख दोन्हीकडून वाचता येते. वर्षात अशा तारखा १२ × १२ = १४४. त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा बारा तारखा कशाही वाचल्या तरी त्याच. उरल्या १३२. म्हणजे वर्षातला एक तृतीयांशाहून जास्त काळ संदिग्ध आहे. सीमेपलीकडे कागद पाठवायचा असेल तर महिन्याचं नाव अक्षरांत लिहावं, हा माझा आग्रह आहे.

पण याच फरकातून सुंदर गोष्टीही निघतात. अमेरिकेत १४ मार्च, म्हणजे ३/१४, हा ‘पाय दिन’, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा, म्हणजे π (सुमारे ३.१४) चा दिवस. आपल्या क्रमाने हा दिवस कधीच येणार नाही, कारण चौदावा महिना नाही. आपल्याला २२ जुलै मिळतो, २२/७. आणि खरं सांगायचं तर २२/७ हा अपूर्णांक ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ आहे.

उलटसुलट तारखांचा हिशोबही असाच पद्धतीवर बेतलेला. आठ अंकी तारीख आपल्या क्रमाने लिहिली तर दिवस आणि महिना ठरले की वर्ष ठरतं, ते त्या चार अंकांचं उलट रूप. वर्ष २० ने सुरू होणार असेल तर महिना ०२ च हवा. म्हणून एकविसाव्या शतकातल्या आपल्या सगळ्या पॅलिंड्रोम तारखा फेब्रुवारीत येतात. सुरुवात १०/०२/२००१. नंतर २०/०२/२००२, ०१/०२/२०१०, असं करत २२/०२/२०२२. ही शेवटची ११ ने भागून पाहा, २००२००२ येतं. फेब्रुवारीच्या प्रत्येक दिवसाला शतकात एकदा हा मान मिळतो, २९ तारखेलासुद्धा. २९/०२/२०९२ ही शतकातली अखेरची पॅलिंड्रोम तारीख, आणि २०९२ खरोखरच लीप वर्ष आहे! मागे पाहिलं तर १२ ते १९ ने सुरू होणाऱ्या वर्षांना लागणारा महिना अस्तित्वातच नाही. त्यामुळे २९/११/११९२ नंतर थेट १०/०२/२००१ पर्यंत, आठशे आठ वर्षांहून अधिक काळ, अशी एकही तारीख आली नाही. पुढच्या शतकात हा मान डिसेंबरला जाणार आहे.

अमेरिकन क्रमाने मात्र या शतकात अशा तारखा फक्त बारा, आणि सगळ्या महिन्याच्या २ तारखेला. १००२२००१ ही अक्षरशः तीच अंकांची ओळ आपल्याकडे १० फेब्रुवारी आहे आणि तिकडे २ ऑक्टोबर. तिन्ही पद्धतींत एकाच दिवशी पॅलिंड्रोम ठरणारी तारीख ०२/०२/२०२० ही होती. तिच्या आधीची ११/११/११११, पुढची १२/१२/२१२१. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत २०२० मधला तो दिवस होता १३ माघ १९४१, अगदी साधासुधा.

कॉम्प्युटरचा मीटर आणखी वेगळा. बऱ्याच यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. हा आकडा १२३४५६७८९० झाला तेव्हा भारतात १४ फेब्रुवारी २००९ ची पहाट होती, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद, आणि जगभरच्या प्रोग्रामरनी तो क्षण साजरा केला. यंत्राला त्याचं काहीच नव्हतं. ते दोनच अंकांत लिहितं, आणि त्याच्यासाठी देखणा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. आपल्याला तो ओबडधोबड दिसतो, पण द्विमान पद्धतीत तो ओळीने एकतीस १ असा लिहिला जातो. ३२ घरांच्या त्या मीटरचा तो ९९९९९ आहे, उरलेलं एक घर धन-ऋण चिन्हासाठी असतं. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरेल. पुढच्या सेकंदाला हातचा चिन्हाच्या घरात जाईल, संख्या ऋण होईल, आणि तोवर न बदललेली यंत्रं तारीख दाखवतील १३ डिसेंबर १९०१ (जागतिक वेळेनुसार). उपाय माहीत आहे, ३२ ऐवजी ६४ घरांचा मीटर, जो सुमारे २९२ अब्ज वर्षं पुरतो. नवे कॉम्प्युटर आणि फोन बहुतांशी तिकडे वळले आहेत. काळजी आहे ती कारखान्यांतल्या आणि इमारतींतल्या जुन्या नियंत्रण यंत्रांची, जी एकदा बसवली की वीस-पंचवीस वर्षं कुणी उघडूनही बघत नाही.