लँडस्केप डिझाइनमधली प्रादेशिक ओळख (बेळगाव सीमाभाग)

बाग, मैदान, तळं किंवा रस्त्याकडेची झाडी करताना त्या मुलुखाचा पाऊस, माती, दगड आणि लोकांची वहिवाट बघून काम करायचं, कॅटलॉगातनं उचलून आणायचं नाही, असा हा विचार. जेन्स जेन्सन या बागा आखणाऱ्यानं शिकागोच्या बागांत तिथल्याच प्रेरीची (गवताळ माळाची) झाडं-फुलं लावली, ब्राझीलमध्ये बुर्ले मार्क्स या लँडस्केप डिझायनरनं देशी झाडं शहरात आणली. वास्तुकलेत अशाच विचाराला, म्हणजे जागेला धरून पण जुन्याची नुसती नक्कल न करता बांधण्याला, १९८१ साली झोनिस आणि लेफेव्र यांनी ‘क्रिटिकल रीजनलिझम’ हे नाव दिलं, वास्तुकलेचा अभ्यासक केनेथ फ्रॅम्प्टनच्या १९८३ च्या लेखानं ते गाजलं.

बेळगाव जिल्ह्यात तर एकाच जिल्ह्यात दोन वेगळे मुलुख आहेत. मलप्रभेच्या उगमाला, कणकुंबीकडं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि अथणीकडं जेमतेम पाच-सहाशे, म्हणून कणकुंबीच्या खानापूर तालुक्यात जांभा दगड, तांबडी माती, त्याच मातीची कौलं आणि उतरती छपरं, फणस-जांभळं, तर अथणीत काळी जमीन, माळवदाची (सपाट मातीच्या छपराची) घरं, बाभूळ आणि कडुनिंब. मग दोन्हीकडं तेच लॉन, तेच पाम आणि तेच पेव्हर (फरशीचे ब्लॉक) कसे चालतील?

माझ्या मते बेळगाव शहराची खरी ओळख पाण्यात आहे. किल्ल्याचा खंदक, कपिलेश्वर तळं, जक्कीन होंडा हे दुसरं तळं आणि परसातल्या विहिरी. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा टिळकवाडीत त्यासाठी विहीर खोदली, पंपा सरोवर असं तिचं नाव, आजही लोक काँग्रेस विहीर म्हणतात. जांभ्याला भोकं असतात, पाऊस त्यातनं मुरतो आणि विहिरींना पाझरतो, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आता अंगणापासून फूटपाथपर्यंत सगळं काँक्रीट आणि पेव्हर, पाणी मुरायच्या ऐवजी गटारातनं पळतं, आणि शहराचं पाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं. बेळगाव बासमतीचा हा पट्टा, त्याच्याइतकी या गावची ओळख सांगणारं दुसरं काय आहे? चौकातल्या पुतळ्यावर आणि कमानीवर खर्च होतो त्याचा थोडा भाग नाल्याच्या काठावर झाला तरी फरक पडेल.

सीमाभागात ओळख म्हटलं की पाटीची भाषा आठवते, त्याची कळकळ मलाही आहे. पण पार (झाडाभोवतीचा ओटा), तळं, बांध आणि विहीर या गोष्टी मराठी आणि कन्नड दोन्ही घरांनी मिळून राखल्यात, कुठल्या गल्लीचं पाणी कुठं उतरतं ते दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना माहीत असतं, त्यामुळं नकाशा काढणाऱ्यानं आधी त्यांच्याबरोबर एक पावसाळा फिरावं आणि मगच कुठं पेव्हर आणि कुठं माती उघडी ठेवायची ते ठरवावं.