दंतसामग्रीची प्राणीचाचणी आणि तिचे पर्याय

सिमेंट, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग), बाँडिंग (ते दाताला चिकटवणारा द्रव), इम्प्लांट, हाडाच्या जागी भरायची पावडर, असं जे जे तोंडात बसवलं जातं ते पेशंटच्या तोंडात जायच्या आधी पेशींवर आणि प्राण्यांवर तपासायची पद्धत, आणि त्यातली प्राण्यांची गरज कमी करणाऱ्या किंवा अजिबात टाळणाऱ्या पद्धती, असा दोन्हींचा विचार, भारतातल्या आणि त्यातही गोव्यातल्या परिस्थितीसकट, या नोंदीत आहे. फिलिंग म्हणजे काय हे सांगत बसत नाही.

पर्यायांच्या विचाराची सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश संशोधकांचं १९५९ सालचं पुस्तक पहिलं धरतात. प्राण्याच्या जागी दुसरं काही वापरा, वापरावेच लागले तर कमी वापरा, आणि जे वापराल त्यांना त्रास कमी द्या, ही त्यांची त्रिसूत्री 'तीन आर' (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) म्हणून सगळीकडे शिकवतात. पण काही इतिहासकार त्याच्याही मागे जाऊन मार्शल हॉल या इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे बोट दाखवतात. नुसत्या निरीक्षणाने कळत असेल तर प्रयोग करू नये, नेमका हेतू नसेल तर करू नये, झालेला प्रयोग उगाच पुन्हा करू नये, असे नियम त्याने १८३१ च्या सुमारास मांडले होते. हॉल स्वतः बेडकांवर आणि कासवांवर भरपूर प्रयोग करायचा, आणि शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्रच तेव्हा नव्हतं, त्यामुळे प्राण्याऐवजी काय वापरायचं याला त्याच्याकडे उत्तर असणं शक्य नव्हतं. म्हणून संयमाचं श्रेय हॉलला आणि पर्यायाचं रसेल-बर्चना, अशी वाटणी जास्त पटते.

भारतात प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा पाठपुरावा होता. त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि मेडिकल कॉलेजात पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी भागत असेल तर तेच वापरावं. १९५९ आणि १९६० ही सालं इतकी लागून आहेत की कायद्यावर रसेल-बर्चचा प्रभाव होता असं म्हणायचा मोह होतो, पण शिकवण्यासाठीच्या प्रयोगांना आळा घालणं हे १८७६ च्या ब्रिटिश कायद्यातही होतं, त्यामुळे छाप त्याचीच जास्त वाटते. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. एश्कोला मेडिको, म्हणजे आजच्या गोमेकॉचं (गोवा मेडिकल कॉलेजचं) मूळ, १८४२ पासून चालू होतं, पण हे सगळे भारतीय कायदे गोव्यात यायला १९६१ ची मुक्ती व्हावी लागली.

दंतसामग्रीच्या चाचण्यांना शिस्त आली ती १९७० नंतर. पायऱ्यापायऱ्यांनी तपासायची मांडणी ऑटियन यांनी १९७० मध्ये केली, आणि पुढे आधी पेशींवर, मग लहान प्राण्यांत कातडीखाली किंवा हाडात, आणि शेवटी प्राण्याच्या खऱ्या दातात, अशा तीन पायऱ्या रूढ झाल्या. आज दंतसामग्रीसाठी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) ७४०५ आणि एकूण वैद्यकीय उपकरणांसाठी आयएसओ १०९९३ ही मानकं चालतात. शेवटच्या पायरीला कुत्रे, माकडं, छोटी डुकरं वापरली जायची, आणि अजून पूर्ण बंद झालेली नाहीत.

या पायऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत हीच खरी अडचण. ठरलेलं उदाहरण झिंक ऑक्साईड युजेनॉलचं: लवंगेच्या तेलातलं युजेनॉल सरळ पेशींवर टाकलं की पेशी मरतात, आणि तेच सिमेंट खोल कॅव्हिटीत भरलं की पेशंटचा ठणका थांबतो. मधे डेंटीन, म्हणजे इनॅमलच्या आतला दाताचा कठीण थर, असतं म्हणून हा फरक पडतो. डेंटीन ही बारीक चाळणच, पल्पजवळ (दाताच्या आतल्या नस आणि रक्तवाहिन्यांच्या मऊ गाभ्याजवळ) एका चौरस मिलीमीटरला ४५,००० च्या आसपास नळ्या, आणि त्यातून झिरपून पल्पपर्यंत फार थोडं युजेनॉल पोचतं.

यातून डेंटीन बॅरियर टेस्ट आली, आणि दंतसामग्रीतला खास स्वतःचा म्हणावा असा पर्याय हाच. डेंटीनची चकती दोन कप्प्यांच्या मधे बसवून आरपार काय जातं ते मोजायचं साधन आउथवेट आणि पॅशली यांच्या गटाने १९७४ मध्ये मांडलं. ते झिरपणं मोजण्यासाठी होतं, विषारीपणासाठी नाही. पेशींसकट चाचणी नेमकी कुणाची पहिली यावर दावे वेगवेगळे आहेत, पण आज मानकात जी पद्धत आहे तिच्यावर जर्मनीतल्या श्माल्झ यांच्या गटाचं काम जास्त दिसतं. करतात असं: काढलेल्या दाताची डायमंड ब्लेडने हळू स्पीडला, पाणी सोडत, साधारण अर्ध्या मिलीमीटरची चकती कापायची, कापताना जो भुसा नळ्यांच्या तोंडावर बसतो तो ॲसिडने काढायचा (हे नीट झालं नाही तर नळ्या बुजलेल्याच राहतात आणि कुठलंही मटेरियल पास होतं), मग पल्पच्या बाजूला पेशी वाढवायच्या, त्यांच्याखालून पोषक द्रव हळूहळू वाहता ठेवायचा आणि वरून मटेरियल भरायचं. २४ तासांनी जिवंत पेशी मोजायच्या. साध्या पेशीचाचणीत ७० टक्क्यांच्या खाली जिवंत राहिल्या तर मटेरियल विषारी धरतात.

प्राणी वापरले की उत्तर बरोबर येतं असंही नाही; कधी येतं, कधी नाही. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांचे पल्प उघडे पाडले तर ते आपोआप भरून आले, साध्या उंदरांचे मात्र सडले. एकट्या या प्रयोगाने एंडोडोंटिक्स (रूट कॅनालसारखे पल्पचे उपचार) बदललं, आणि तो पेशींच्या डिशमध्ये झालाच नसता, हे मान्य करायला हवं. उलट उघड्या पल्पवर थेट बाँडिंग लावलेलं माकडांत छान चाललं, त्या भरवशावर पुढे माणसांत केलं तर पल्प नीट बरे होताना दिसले नाहीत.

पर्याय म्हटलं की प्राणी सुटला असंही होत नाही. या चाचण्यांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एल९२९ नावाच्या पेशी मुळात उंदराच्या. त्यांना वाढवायला लागणारं सीरम गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढतात, आणि पेपरात मात्र 'प्राणी वापरले नाहीत' असं छापून येतं! माणसाच्या प्लेटलेटपासूनचं द्रावण त्याऐवजी वापरता येतं. २००० साली ग्रॉन्थोस वगैरेंनी माणसाच्या अक्कलदाढेच्या पल्पमधून स्टेम सेल वेगळ्या केल्या, तेव्हापासून पेशीही माणसाच्याच घेता येतात.

गोव्यात दंतसंशोधनाचं मुख्य ठिकाण बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, १९८० पासूनचं. दंत कॉलेजांतल्या एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणातल्या) पोरांचे थिसिस बरेचसे काढलेल्या मानवी दातांवर असतात, आणि हे दात म्हणजे बहुतेक ब्रेसेससाठी जागा करायला काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागचे छोटे दाढेचे दात). दात क्लोरामीन-टी या जंतुनाशकाच्या ०.५ टक्के द्रावणात फार तर आठवडाभर, मग पाण्यात ४ अंशाला फ्रिजमध्ये, आणि सहा महिन्यांच्या आत वापरायचे हा नियम. पेशंटची लेखी संमती लागते, 'आमचो दात कित्याक जाय तुमकां' (आमचा दात तुम्हाला कशाला हवा) हा प्रश्न साहजिकच येतो. मानवी दात पुरत नाहीत तिथे गुराचे पुढचे दात वापरतात. ते कत्तलखान्याचे, म्हणजे प्रयोगासाठी कुणाला मारलेलं नसतं, पण गोव्यात १९७८ च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे, आणि बैल-रेड्यांनाही प्रमाणपत्राशिवाय कापता येत नाही, त्यामुळे दात घेताना हेही बघावं लागतं.

प्राणी वापरायचेच झाले तर संस्थेची प्राणी नैतिकता समिती लागते. १९९८ च्या नियमांखाली चालणाऱ्या या समितीत पशुवैद्य आणि प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीने नेमलेले सभासद असतात. उंदीर-सशांचं काम तिथेच मंजूर होतं, कुत्रा किंवा माकड असेल तर फाइल त्या केंद्रीय समितीकडे जाते. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राणीचाचणी भारतात बंद झाली. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, ऑर्गन-चिप (अवयवासारखं काम करणाऱ्या पेशी बसवलेली छोटी चिप), कॉम्प्युटर मॉडेल यांना जागा मिळाली. पण फिलिंगचं सिमेंट हे औषध नसून २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतं, त्यामुळे त्या दुरुस्तीचा त्याला थेट उपयोग नाही, तिथे आयएसओच बघावं लागतं. २०२१ मध्ये आयएसओ १०९९३ च्या २३ व्या भागाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवरची जळजळ-चाचणी सशाच्या आधी ठेवली. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या अशाच ऊतींवर काम चालू आहे, पण मानकात त्यांना त्वचेइतकं स्थान अजून नाही.