ओसिराक उडवलं आणि विषय संपला? तसं नाय झालं

मिरकरवाड्याच्या जेटीवर डिझेलच्या भावाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, इराणशी त्यांच्या अणुकार्यक्रमावर बोलत काय बसायचं, इस्रायलने १९८१ ला एका फटक्यात इराकचा अणुबॉम्ब संपवला ना! आमचे काका पण कित्येक वर्षं हेच सांगतात.

अहो पण तो बॉम्बचा कार्यक्रम संपला नव्हता. ७ जून १९८१ ला बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली हे खरं, पण ती फ्रान्सने बांधून दिलेली, सगळ्यांना माहीत असलेली, तिथे आंतरराष्ट्रीय तपासनीस जायचे. त्यानंतर सद्दामने काम सोडलं नाय, उलट गुपचूप युरेनियम समृद्ध करायला (म्हणजे त्यातला बॉम्बला लागणारा भाग वाढवायला) घेतलं, माणसं वाढवली, पैसा ओतला आणि हे सगळं नीट बाहेर कधी आलं तर १९९१ च्या आखाती युद्धानंतर तपासनीस आत शिरले तेव्हा. म्हणजे दहा वर्षं बसा!

आता इराण. अमेरिका आणि इतर देशांनी इराणशी केलेल्या २०१५ च्या अणुकरारात समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि समृद्ध युरेनियमचा साठा ३०० किलोवर बांधला होता, तोही बोलूनच. २०१८ ला अमेरिका करारातून बाहेर पडली, २०२१ ला इराण ६० टक्क्यांवर पोचला. काका असंही म्हणतात की करारातल्या काही अटींना मुदत होती, ते मात्र बरोबर आहे.