प्रचारनिधीचा वैयक्तिक वापर (अमेरिकी निवडणुका)

निवडणूक लढवण्यासाठी लोकांनी दिलेल्या देणग्यांतून उमेदवाराने स्वतःचा घरखर्च, हौसमौज किंवा कुटुंबीयांचा खर्च भागवणे, याला प्रचारनिधीचा वैयक्तिक वापर म्हणतात. अमेरिकेत अध्यक्षपद, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्या निवडणुकांत त्याला कायद्याने बंदी आहे. हा प्रकार निवडून आलेल्यांतही घडतो, किंबहुना मोठ्या रकमांचे खटले त्यांच्यावरच झाले. पण ज्याच्या विजयाची सुतराम शक्यता नाही अशा उमेदवाराच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. निवडून आलेल्याला पगार, कार्यालय आणि कर्मचारी मिळतात. नोकरी सोडून वर्षभर पडेल जागा लढवणाऱ्याच्या हाताशी प्रचाराचा पैसा सांभाळणाऱ्या आपल्या प्रचार समितीच्या बँक खात्याशिवाय दुसरे काही नसते.

कायद्याची घडण

ही बंदी १९७९ च्या दुरुस्तीने आली, तीही पळवाट ठेवून. ८ जानेवारी १९८० रोजी संसदेत असलेल्या सदस्यांना तिच्यातून सूट होती, म्हणजे निवृत्त होताना शिल्लक निधी खुशाल घरी नेता येत असे. १९८९ च्या कायद्याने ही सोय बंद केली, पण जानेवारी १९९३ मध्ये सुरू होणाऱ्या नव्या संसदेपूर्वी जे बाहेर पडतील त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. स्वतःला लागू होणारा नियम स्वतःच लिहायचा असला की असे होते.

वैयक्तिक वापर नेमका कशाला म्हणायचा, हे केंद्रीय निवडणूक आयोगाने १९९५ मध्ये ठरवले. कसोटी साधी आहे : माणूस उमेदवार नसता तरी हा खर्च त्याला करावाच लागला असता का? उत्तर होय असेल, तर तो खर्च देणगीच्या पैशातून करता येत नाही. काही बाबतींत ही कसोटीही लावायची गरज नाही, त्या थेट वर्ज्य आहेत. घरचा किराणा, कपडे, मुलांची फी, क्लबची वर्गणी, सहल आणि राहत्या घराचे भाडे किंवा हप्ते त्यांत येतात. २००२ च्या निवडणूक-निधी सुधारणा कायद्याने ही कसोटी खुद्द कायद्यातच घातली.

डेलावेअरमधील घरभाडे

या यादीतले घरभाडे हे कलम किती बोचरे आहे, ते क्रिस्टीन ओडोनेल यांच्या प्रकरणात दिसले. डेलावेअर या चिमुकल्या राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या वतीने त्या सिनेटसाठी वारंवार उभ्या राहत. २००८ मध्ये त्यांच्यासमोर जो बायडन होते, तेव्हा त्यांना जेमतेम पस्तीस टक्के मते मिळाली. सप्टेंबर २०१० मध्ये मात्र त्यांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, माइक कॅसल या माजी गव्हर्नरला हरवून सगळ्यांना चकित केले. एका रात्रीत देशभरातून देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्याचबरोबर जुन्या हिशेबांची उलटतपासणीही. त्याच महिन्यात एका निगराणी संस्थेने आयोगाकडे तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये ओडोनेल क्रिस कून्स यांच्याकडून मोठ्या फरकाने हरल्या.

वाद होता तो एका टाउनहाउसचा. प्रचार समितीने ते कार्यालय म्हणून भाड्याने घेतले होते आणि उमेदवार तिथेच राहत होत्या. कार्यकर्ते येत-जात, प्रचाराचे काम तिथूनच चाले, हे खरे होते. पण राहत्या घराचा काही भाग प्रचारासाठी वापरला जात असला तरी त्याचे भाडे समितीने भरायचे नाही, असे नियमाचे स्पष्ट शब्द आहेत. भाडे आणि वीज-पाण्याच्या बिलांपोटी किमान २०,००० डॉलर गेल्याचा आरोप ठेवून आयोगाने जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे निवडणूक होऊन चार वर्षे उलटल्यावर, दिवाणी दावा लावला. न्यायालयाने आयोगाच्या बाजूने कौल दिला आणि २०१७ मध्ये २५,००० डॉलरचा दंड ठोठावला. फौजदारी खटला झाला नाही.

याच्या शेजारी निवडून आलेल्यांचे नमुने ठेवले की रकमांतला फरक कळतो. शिकागोचे जेसी जॅक्सन (धाकटे) यांनी सुमारे साडेसात लाख डॉलर उडवले. त्यांत ४३,३५० डॉलरचे रोलेक्स घड्याळ होते, मायकेल जॅक्सनची हॅट होती, भिंतीवर टांगायची एल्क सांबरांची मुंडकी होती. २०१३ मध्ये त्यांना तीस महिन्यांची शिक्षा झाली. कॅलिफोर्नियाचे डंकन हंटर यांच्या आरोपपत्रात व्हिडिओ गेमपासून कौटुंबिक सहलीपर्यंत अडीच लाखांचा हिशेब होता. अकरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि ती भोगण्याआधीच डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्षांनी माफीही दिली. दोघांच्याही जागा पक्क्या होत्या आणि दोघांनाही सरकारी पगार मिळत होता.

उमेदवाराने खायचे काय

ॲलन कीझ १९९२ मध्ये मेरीलँडमधून बार्बरा मिकुल्स्की यांच्याविरुद्ध सिनेटसाठी उभे होते आणि प्रचारनिधीतून स्वतःला महिना सुमारे साडेआठ हजार डॉलर पगार घेत होते. त्यावरून गहजब झाला. मतदानात त्यांच्या वाट्याला तीस टक्केही आले नाहीत. पगार भरघोस होता यात शंका नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न बिनतोड होता : ज्याच्याकडे वाडवडिलांची इस्टेट नाही त्याने वर्षभर प्रचार करायचा तो कशाच्या जोरावर?

आयोगाने याचे उत्तर २००२ मध्ये दिले, तेही हात आखडून. विद्यमान खासदार सोडून इतर उमेदवारांना निधीतून पगार घ्यायला मुभा मिळाली, पण मागील वर्षी जेवढे कमावले असेल किंवा त्या पदाचा जो किमान पगार असेल, त्यांपैकी जी रक्कम कमी तेवढाच. परिणामी वकिलाला चांगला पगार आणि घर सांभाळणाऱ्या बाईला शून्य! १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमात एका वर्षाऐवजी पाच वर्षांच्या कमाईची सरासरी धरतात आणि वरची मर्यादा प्रतिनिधिगृह सदस्याच्या १,७४,००० डॉलर वार्षिक पगाराच्या निम्मी आहे. तरीही पाच वर्षे बिनपगारी काम करणाऱ्याची सरासरी शून्यच येते.

याहून मोठा बदल घडवला तो लाँग आयलंडवरच्या लिउबा ग्रेचेन शर्ली यांनी. १९९३ पासून खासदार असलेल्या पीटर किंग यांच्याविरुद्ध २०१८ मध्ये त्या उभ्या राहिल्या. घरी दोन लहान मुले होती. प्रचाराला बाहेर पडायचे तर मुलांना सांभाळणारी बाई हवी, तिचा पगार निधीतून देऊ का, असे त्यांनी आयोगाला आधीच विचारले. हा खर्च उमेदवारीमुळेच उद्भवतो, असे मान्य करून आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात परवानगी दिली. निवडणूक त्या हरल्या, पण पुढे अनेक राज्यांनी स्थानिक निवडणुकांसाठीही ही सवलत दिली. घरभाडे चालत नाही आणि आया चालते, ही रेघ तर्काला पटते. मात्र भाडे थकलेल्या उमेदवाराला ती पटवून देणे अवघड आहे.

हिशेबाची ओळ

गैरवापर सापडतो तो बहुधा समितीने भरलेल्या अहवालातच. प्रत्येक खर्चाच्या ओळीत पैसे कोणाला दिले, पत्ता, तारीख, रक्कम आणि प्रयोजन असते. ‘किरकोळ’, ‘इतर खर्च’ किंवा ‘खर्चाची भरपाई’ एवढेच लिहिलेले आयोग ग्राह्य धरत नाही. २०० डॉलरच्या वरच्या खर्चाची पावती किंवा बिल जपून ठेवावे लागते, आणि नेमका हा आकडाच फसवणाऱ्याला वाट दाखवतो. न्यूयॉर्कचे जॉर्ज सँटोस यांच्या हिशेबात १९९.९९ डॉलरच्या कितीतरी नोंदी निघाल्या. सँटोस २०२० मध्ये पडले होते, २०२२ मध्ये निवडून आले. सभागृहाच्या नीतिमत्ता समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात बोटॉक्स आणि उंची कपड्यांच्या दुकानांतली खरेदी नोंदली होती. १ डिसेंबरला ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्यांची हकालपट्टी झाली.

हरण्यासाठीच उभ्या असलेल्या उमेदवाराचे अहवाल मात्र कोणी उघडूनही पाहत नाही. खजिनदार अनेकदा घरचाच माणूस असतो, पत्रकार फिरकत नाहीत, प्रतिस्पर्ध्यालाही तक्रार करण्यात स्वारस्य नसते. आयोगात सहा सदस्यांच्या जागा आहेत, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कारवाईला चार मते लागतात. गाडे वरचेवर अडते यात नवल नाही. ओडोनेल ती प्रायमरी जिंकल्या नसत्या, तर त्या टाउनहाउसकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

कायद्याच्या जवळपास फिरणारे काही खर्च मात्र नुसते भुवया उंचावणारे ठरतात. उमेदवाराने स्वतःच्या कंपनीकडून स्वतःचेच पुस्तक समितीला विकणे, हा त्यांतला प्रसिद्ध प्रकार. २०११ मध्ये हर्मन केन यांच्या अध्यक्षीय प्रचाराने त्यांच्याच कंपनीकडून तीस हजारांहून अधिक डॉलरची पुस्तके वगैरे घेतली होती.

स्वतःचा पैसा आणि उरलेला पैसा

पदरचे पैसे घालणाऱ्याला मर्यादा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बक्ली विरुद्ध व्हॅलेओ खटल्यात १९७६ मध्ये दिला. बेळगावात वाढलेले उद्योजक श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी सुमारे एक कोटी डॉलर स्वतःचे ओतले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. संघराज्याच्या निवडणुकांत उमेदवाराने समितीला दिलेले कर्ज मतदानानंतरच्या देणग्यांतून अडीच लाख डॉलरपर्यंतच फेडता येत असे. २०२२ मध्ये सिनेटर टेड क्रूझ यांच्या खटल्यात न्यायालयाने ही मर्यादाही रद्द केली. अर्थात, निवडून आलेल्याचे कर्ज फेडायला देणगीदार पुढे येतात, पडलेल्याला कोणी दहा डॉलरही देत नाही.

निधी उरलाच तर तो धर्मादाय संस्थेला, पक्षाला किंवा दुसऱ्या उमेदवाराला देता येतो, देणगीदाराला परतही करता येतो. स्वतःकडे ठेवता येत नाही. समितीवर देणी असतील, तर ती मिटेपर्यंत आयोग समिती बंद करू देत नाही आणि अहवाल भरत राहावे लागतात.