दंडावरची खूण

गुहागरच्या आमच्या आजीच्या दंडावर दोन मोठे खोलगट व्रण होते, देवी टोचल्याचे. माझ्या दंडावर एकच आहे, बारीकसा, बीसीजी या क्षयाच्या लसीचा. लस टोचली की रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना रोखणारी प्रथिनं, तयार होतात, एवढं शाळेत शिकवतात. पण हे व्रण मुख्यतः पेशींच्या झुंजीतून उमटतात, आणि ते नीट कळायला जेन्नरच्या देवीच्या लसीच्या १७९६ च्या प्रयोगानंतर जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

आपल्याकडे देवीची लस आली समुद्रावरून. बसऱ्याहून मुंबईला पोचलेली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. मग तिच्या फोडातली लस दुसऱ्यांना टोचली गेली. आत काय घडतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! रोगाशी पेशी लढतात, असं त्याने मांडलं. बाकीच्यांचा भर मात्र रक्तद्रवावर, म्हणजे त्यातल्या प्रतिपिंडांवर होता. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि रक्तद्रवाची बाजू मांडणारा एर्लिच यांना विभागून मिळालं, तरी वाद मिटला नाही. याच मेचनिकॉफचा विद्यार्थी हाफकिन. मुंबईत प्लेग उसळला, माणसं बोटी भरभरून कोकणात पळाली, तेव्हा १० जानेवारी १८९७ ला त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

खरा उलगडा क्षयाने केला. ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंचा अर्क, टोचल्यावर क्षयाची लागण झालेल्याच्या हातावर दोन दिवसांनी गाठ येते. ही संवेदनशीलता रक्तद्रवातून दुसऱ्या प्राण्यात नेता येईना. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगमध्ये रसायनांमुळे येणारी अशीच संवेदनशीलता पेशींमधून नेऊन दाखवली, आणि १९४५ मध्ये चेसने ट्यूबरक्युलिनचीही. १९६१ मध्ये मिलरने छातीतल्या थायमस ग्रंथीचं काम उलगडलं आणि तिथे तयार होणाऱ्या टी पेशी ओळखण्याची वाट मोकळी झाली. यातल्या काही इतर पेशींना मदत करतात, काही जंतू शिरलेल्या पेशीच मारतात, आणि थोड्या स्मृती जपत मागे उरतात. देवीची लस घेतलेल्यांत या स्मृतिपेशी कित्येक दशकांनंतरही सापडतात. कोरोनाची लस घेऊनही पुन्हा लागण झालेले गावात विचारत, मग उपयोग काय? प्रतिपिंडं ओसरली, विषाणू बदलला, तरी टी पेशी बऱ्याच अंशी टिकून होत्या. आजार गंभीर होऊ न देण्यात त्यांचा वाटा मोठा.

बीसीजीलाही मर्यादा आहेत. १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चिंगलपटला सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचं दिसलं नाही. तान्ह्या मुलांना मात्र मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून जन्मतःच देतात. काही आठवड्यांनी टोचलेली जागा पिकते आणि आई घाबरून बाळाला आरोग्य केंद्रात आणते. तिथे तिला सांगतात, "हळद नको, मलम नको, काहीच लावू नका. आपोआप सुकेल."