डोकेदुखीचं वेळापत्रक

डोकं नेमकं कुठे दुखतं, हे रुग्ण हात लावून लगेच दाखवतो. निदानाला मात्र त्याची मदत बेताचीच होते. कळ शिगेला पोहोचायला किती वेळ लागला, ती किती तास टिकली, महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं आणि दुखत असताना माणूस करतो काय, या चार प्रश्नांतून बहुतेक वेळा उत्तर मिळतं. यांतलं काहीच स्कॅनमध्ये दिसत नाही.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखतात ती मेंदूवरची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या आणि कवटीबाहेरचे स्नायू. चेहरा, डोळे आणि मेंदूची आवरणं यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नस वाहून नेते. मानेच्या वरच्या नसाही मेंदूच्या बुंध्यापाशी तिला येऊन मिळतात. म्हणूनच मायग्रेनमध्ये मान आखडते, गाल जड होतात, कधी नाकही वाहतं. मग मानेचे एक्स-रे निघतात, चष्म्याचा नंबर बदलतो आणि ‘सायनस’चं औषध वर्षानुवर्षं चालू राहतं. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा स्राव नाही, पण दर महिन्याला ‘सायनस’ उठतो, अशा वेळी तो बहुधा मायग्रेनच असतो. उलटी झाली की उतरणाऱ्या ‘पित्ताच्या’ डोकेदुखीचंही तेच.

डोकेदुखी हाच आजार असेल तर ती प्राथमिक, आणि दुसऱ्या आजाराचं लक्षण असेल तर दुय्यम. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या वर्गीकरणात (तिसरी आवृत्ती, २०१८) प्राथमिक प्रकारांना अक्षरशः घड्याळ लावलेलं आहे. मायग्रेनचा झटका औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास चालतो. एका बाजूला दुखणं, ठसठसणं, मध्यम ते तीव्र कळ आणि जिना चढताना वाढणं, यांपैकी दोन गोष्टी लागतात. जोडीला मळमळ किंवा उलटी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. असे किमान पाच झटके आल्यावरच ते नाव द्यायचं. डोकं दोन्ही बाजूंनी दुखलं म्हणून मायग्रेन बाद होत नाही. ताणाच्या डोकेदुखीत पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पण चालण्याफिरण्याने ती वाढत नाही आणि माणूस कुरकुरत का होईना, काम उरकतो.

काही जणांना मायग्रेनआधी डोळ्यांपुढे चमचमणारी नागमोडी रेघ दिसते, म्हणजेच ऑरा. ती हळूहळू पसरत जाते आणि ५ ते ६० मिनिटांत विरते. हा संथपणाच महत्त्वाचा. पक्षाघातात दृष्टी किंवा हाताची ताकद एकदम जाते. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही झालं, तर मात्र तो ऑराच असेल असं घरी बसून ठरवू नये.

क्लस्टर डोकेदुखीचं तंत्र याच्या उलट. मायग्रेनचा रुग्ण अंधार करून पडून राहतो. क्लस्टरचा येरझाऱ्या घालतो, डोकं गच्च दाबून धरतो. एकाच डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल, पापणी खाली, नाक चोंदलेलं. झटका १५ ते १८० मिनिटांचा, बरेचदा रोज रात्री ठरल्या वेळी. साधी वेदनाशामक गोळी पोटात विरघळून काम सुरू करेपर्यंत तो ओसरलेला असतो, म्हणून मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन देतात. कळ वरच्या जबड्यात उतरते म्हणून चांगले दात उपटले गेल्याची उदाहरणंही कमी नाहीत.

दुय्यम प्रकारात सगळ्यात घाईची डोकेदुखी मिनिटभरात कमाल तीव्रतेला पोहोचते. मेंदूभोवती रक्तस्राव झाला आहे असंच आधी धरायचं. पहिल्या ६ तासांत केलेला सीटी स्कॅन तो क्वचितच चुकवतो. उशीर होईल तसं रक्त पुसट दिसतं आणि मग कमरेतून पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. गोळीने बरं वाटलं म्हणून धोका टळला असं नसतं.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना हुळहुळणारं कानशील आणि घास चावताना भरून येणारा जबडा, हे एकत्र दिसलं तर रक्तवाहिनीच्या दाहाचा संशय घ्यायचा. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या चाचण्यांसाठी रक्त घ्यायचं आणि संशय दाट असेल तर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करायचं, कारण दृष्टी कायमची जाऊ शकते. आडवं झाल्यावर किंवा खोकताना वाढणारी कळ कवटीतला दाब वाढल्याचं सुचवते, तर उभं राहिल्यावर वाढून आडवं होताच थांबणारी कळ मेंदूभोवतालचं पाणी कुठेतरी गळत असल्याचं. वाढलेल्या दाबाची खूण शोधायला ऑफ्थाल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या उपकरणाने, डोळ्याचा पडदा पाहायला दोन मिनिटं लागतात, तरी ही तपासणी नेमकी राहून जाते. तापासोबत ताठ मान, गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, कर्करोग किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल तरीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तदाबाला मात्र उगाच दोष दिला जातो. तो १८०/१२० च्या आसपास गेल्याशिवाय सहसा डोकं दुखत नाही.

वर्षानुवर्षं एकाच साच्याचा मायग्रेन आणि तपासणीत मज्जासंस्था ठीक असेल तर एमआरआयमधून फारसं हाती लागत नाही. एखादा निरुपद्रवी पांढरा ठिपका दिसतो आणि घरभर काळजी पसरते. त्यापेक्षा महिनाभराची नोंद कामी येते: तारीख, सुरुवातीची वेळ, किती तास, मळमळ, पाळीचे दिवस आणि घेतलेली प्रत्येक गोळी. शेवटचा रकाना टाळू नये. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिन्यांहून जास्त काळ साध्या गोळ्या महिन्याला १५ दिवस, किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातली मायग्रेनची औषधं) वा मिश्र वेदनाशामकं १० दिवस घेतली जाताहेत, तर गोळीच दुखणं टिकवून धरत असावी. ती थांबवल्यावर साधारण २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. याची कल्पना आधी दिली नाही, तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट उघडतो. ओपिऑइड (अफूसारखी वेदनाशामकं) किंवा झोपेच्या गटातली औषधं असतील तर ती मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी लागतात.